बेटावरची उन्हाळी शाळा

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली, वर्गांना कुलपे पडली, की शिकणे-शिकवणेही त्या कुलपाआड जाते, अशी आपली साधी समजूत असते. आज तुम्हांला ज्या शाळेची हकीकत सांगणार आहे तिचा कारभार उलटा आहे, बरं का. इतर शाळा बंद झाल्या म्हणजे ती उघडते आणि इतर शाळा उघडायची वेळ झाली की ती बंद होते. तिथे परीक्षा नाही, पास-नापास नाही. विद्यार्थी पुष्कळसे मोठे, संसारी; त्यांतले बरेच स्वतः शिक्षक. आणि ही शाळा भरते समुद्रातल्या एका लहानशा बेटावर.

बेटाचे नाव हॉग आयलंड, म्हणजे आपल्या भाषेत डुकराचे बेट. नावात काही ऐट नाही! अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात मेन नावाचे राज्य आहे. त्याचा किनारा आपल्या कोकणासारखाच खाड्यांनी कातरलेला, आणि किनाऱ्यासमोर हजारो लहानमोठी बेटे विखुरलेली. त्यांतले हे एक, मस्काँगस नावाच्या उपसागरातले. विस्तार सुमारे ३३० एकर. किनाऱ्यापासून अंतर जेमतेम पाव मैल. सारे बेट स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांनी भरलेले. हिवाळ्यात तिथे बर्फ पडते. आपल्याकडे मृग लागून पेरणीची धांदल सुरू होते तेव्हा तिकडे कुठे उन्हाळा उजाडतो. समुद्रपक्ष्यांची वीण त्याच दिवसांत आणि शाळांची सुट्टीही त्याच दिवसांत. तेव्हा निसर्ग शिकायचा तर जून ते ऑगस्ट याच महिन्यांत.

बेटावर अशी शाळा भरवण्याची कल्पना मात्र हॉग आयलंडची नव्हे. ती त्याहून जुनी आहे. १८७३ साली लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञाने मॅसेच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळ पेनिकीज नावाच्या बेटावर पहिली उन्हाळी शाळा उघडली. अगासी मूळचा स्वित्झर्लंडचा, पुढे हार्वर्डला प्राध्यापक झालेला. जॉन अँडरसन या न्यूयॉर्कच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याने त्याला ते बेट दिले आणि वर ५० हजार डॉलर दिले. पन्नासच्या आसपास विद्यार्थी आले, बहुतेक सारे शिक्षक. आणि त्यांत स्त्रियाही होत्या. त्या काळी हे नवलच. अगासीची शिकवण्याची तऱ्हा प्रसिद्ध होती. नव्या विद्यार्थ्यापुढे तो एक मासा ठेवी आणि ‘याच्याकडे पाहा’ एवढेच सांगून निघून जाई. विद्यार्थी दहा मिनिटे पाही, कंटाळे, पुन्हा पाही. तासांचे दिवस होत. तिसऱ्या दिवसापर्यंत त्या माशाच्या अंगावर अशा गोष्टी दिसू लागत, की ज्या कुठल्या पुस्तकात वाचून लक्षात राहिल्या नसत्या. हाच अगासी डार्विनचा विकासवाद मात्र शेवटपर्यंत मानायला तयार झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. डोळे उघडे ठेवायला शिकवणारा माणूसही एखाद्या बाजूने डोळे मिटून घेऊ शकतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अगासी वारला. त्याच्या मुलाने १८७४ चा उन्हाळा कसाबसा चालवला आणि शाळा बंद पडली. दोनच उन्हाळे! पण तिथे शिकलेला डेव्हिड स्टार जॉर्डन हा तरुण पुढे मोठा मत्स्यशास्त्रज्ञ झाला आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष झाला. (त्याची भावी पत्नीही त्याला या बेटावरच भेटली; उन्हाळी शाळेचा हा फायदा माहितीपत्रकात छापत नाहीत.) आणि शिक्षकांना समुद्राकाठी नेऊन शिकवावे, ही कल्पना अमेरिकेत रुजली ती रुजलीच.

आता हॉग आयलंडकडे येऊ. १९१० च्या सुमारास या बेटावरचे जंगल तोडीला जाणार अशी चिन्हे होती. मेबल लूमिस टॉड नावाच्या बाईंनी बेटाचा बराचसा भाग विकत घेऊन ठेवला आणि कुऱ्हाड थांबवली. एमिली डिकिन्सन या कवयित्रीच्या कविता तिच्या मृत्यूनंतर ज्यांनी संपादून छापल्या, त्याच या बाई. त्यांच्या मागे त्यांच्या मुलीने हे बेट ऑड्यूबन सोसायटी या पक्षिरक्षक संस्थेच्या हाती दिले. या संस्थेचा उगमही ऐकण्याजोगा आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बायकांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे, कधी कधी तर अख्खा पक्षी खोवायची टूम निघाली होती. त्यापायी बगळे आणि सुरय लाखांनी मारले जात. १८९६ साली बॉस्टनच्या दोन स्त्रियांनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून ‘आम्ही पिसांची टोपी घालणार नाही’ असे ठरवून घ्यायला सुरुवात केली. तिथून या संस्था उभ्या राहत गेल्या.

१९३६ च्या जूनमध्ये हॉग आयलंडवर पहिले शिबिर भरले. लहान मुलांचे शिबिर काढायचे सोडून त्यांनी मोठ्यांचे का काढले? हिशेब सरळ होता. एका मुलाला पक्षी दाखवला तर एक मूल शिकते. एका शिक्षकाला दाखवला तर त्याच्या हाताखालून जाणारी वीस-पंचवीस वर्षांची मुले शिकतात. म्हणून शाळामास्तर, मास्तरणी, बालवीर पथकांचे नायक अशांना दोन-दोन आठवड्यांसाठी बोलावले.

पक्षी शिकवायला आला होता रॉजर टोरी पीटरसन. वय सत्तावीस. दोन वर्षांपूर्वी, १९३४ साली, त्याचे पक्षी ओळखण्याचे पुस्तक निघाले होते आणि पहिल्या दोन हजार प्रती बघता बघता संपल्या होत्या. त्याने असे काय केले होते? त्याच्या आधीची मोठमोठी पुस्तके पक्षी हातात धरून लिहिलेली असत. चोच किती लांब, पंखाचे कितवे पीस किती लांब. आता उडता पक्षी हातात यायचा कसा? तर बंदुकीने पाडून! पीटरसनने पक्ष्याची साधी चित्रे काढली आणि ज्या एका-दोन खुणांवरून तो लांबून ओळखावा तिथे बाण काढून दाखवले. आपल्याकडचे उदाहरण घ्या. तारेवर बसलेला काळा पक्षी, शेपूट टोकाशी दुभंगलेली, की तो कोतवाल. डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीच्या बुडाशी लाल ठिपका, की तो बुलबुल. बाकीचे वर्णन मागाहून. गुराख्याचे पोर याच रीतीने पाखरे ओळखते; पीटरसनने ती रीत कागदावर आणली. शिबिरात आलेल्या मास्तरांना ती दोन दिवसांत जमू लागे.

दुसरा धडा खडकावरचा. मेनच्या त्या भागात भरती-ओहोटीच्या पाण्यात नऊ-दहा फुटांचा फरक पडतो. आपल्या कोकणातला नाखवा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. तिकडच्या लोकांना तिथी ठाऊक नाही, पण चंद्र तोच. तिथेही भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे मागे सरकते. तेव्हा खडकावरचा वर्ग घड्याळ बघून भरवता येत नाही, पाणी उतरेल तेव्हा भरतो. पाणी उतरले म्हणजे खडकावर आडवे पट्टे दिसतात. सर्वांत वर काळपट पट्टा. त्याखाली पांढरा; दगडाला सिमेंटने चिकटवल्यासारखे बसलेले बारीक चुनखडी कवचांचे जीव, ज्यांना ते लोक बार्नेकल म्हणतात. त्याखाली तपकिरी शेवाळाच्या झिपऱ्या, त्यांच्या आडोशाला गोगलगायी, शिंपले, खेकडे. आणि अगदी तळाशी लांब पानांचे मोठे समुद्रशेवाळ.

हे पट्टे कोणी आखले? शिक्षक प्रश्न टाकतो आणि उत्तर सांगत नाही. शिबिरार्थींनी ओणवे होऊन शोधायचे. बहुतेक जण म्हणतात, ज्याला जितका वेळ पाणी लागते तितक्या खाली तो राहतो. हे अर्धे खरे आहे. वरची हद्द ऊन आणि कोरडेपणा ठरवतो. त्याच्यावर गेले तर वाळून मरायचे. पण खालची हद्द? खाली तर पाणी भरपूर. मग बार्नेकल आणखी खाली का पसरत नाहीत? कारण खाली भाऊबंद फार. तिथे शिंपले जागा बळकावतात आणि कवचाला भोक पाडून आतला जीव खाणाऱ्या गोगलगायी फिरत असतात. म्हणजे वरून निसर्गाचा जाच आणि खालून शेजाऱ्यांचा. त्या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बिचाऱ्याचा संसार. हे ज्याने एकदा ओल्या खडकावर गुडघे टेकून पाहिले त्याला ‘जीवनकलह’ हा शब्द मुलांना समजावून सांगायला पुस्तक उघडावे लागत नाही.

रात्री व्याख्याने. ‘फिश हाउस’ असे नाव असलेल्या इमारतीत सारे जमतात, दिवसभरात कोणी काय पाहिले त्याची यादी होते. या यादीत एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात तीस-पस्तीस वर्षे आली नव्हती. ती ध्यानात आली ती १९६९ साली पक्षी शिकवायला आलेल्या स्टीफन क्रेस या तरुणाच्या. मेनच्या पक्ष्यांविषयीचे एक जुने पुस्तक चाळताना त्याने वाचले, की याच उपसागराच्या तोंडाशी असलेल्या ईस्टर्न एग रॉक या खडकाळ बेटावर एके काळी पफिन पक्षी घरटी करीत. आज तिथे एकही नव्हता. शिबिराच्या होड्या त्या खडकाला कित्येक उन्हाळे वळसा घालून येत होत्या. जे होते ते सर्वांनी पाहिले. जे नव्हते ते कसे दिसणार?

पफिन आपल्याकडे येत नाही, म्हणून थोडे सांगतो. लांबीला आपल्या पारव्याएवढाही नाही, पण अंगाने गुबगुबीत, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पाठ काळी, पोट पांढरे, पाय नारिंगी. चोच त्रिकोणी, आणि उन्हाळ्यात तिच्यावर असे रंग चढतात की जत्रेतला मुखवटाच. वर्षातून एकच अंडे, तेही जमिनीतल्या बिळात किंवा दगडांच्या फटीत. पिलू सहाएक आठवड्यांचे झाले की एका रात्री एकटेच बिळातून निघून समुद्रावर जाते. आईबाप वाट दाखवायला बरोबर नसतात. दोन-तीन वर्षे ते जमिनीला पाय लावत नाही. मग परत येते, ते बहुधा जिथून निघाले तिथेच. मांसासाठी, अंड्यांसाठी आणि पिसांसाठी लोकांनी या पक्ष्यांचा फडशा पाडला होता. एग रॉकवरचे पफिन १८८५ च्या सुमारास संपले. १९०१ साली साऱ्या मेनमध्ये मटिनिकस रॉक या एकाच बेटावर पफिनची एक जोडी उरल्याची नोंद आहे.

क्रेसचा विचार असा : पिलू जिथून समुद्रात उतरते ती जागा त्याच्या मनावर ठसते. मग दुसरीकडचे पिलू लहानपणीच आणून एग रॉकवर वाढवले तर? मोठे झाल्यावर ते आपले गाव कोणते समजेल? हा तर्क होता. खात्री कोणालाच नव्हती. कॅनडातल्या न्यूफाउंडलँडच्या ग्रेट आयलंडवर पफिनची मोठी वसाहत आहे. तिथून १९७३ साली पहिली सहा पिले विमानाने आणली. हाताने मातीची बिळे तयार केली. रोज प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मासे ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. माणसाचा लळा लागता कामा नये. पिलांच्या पायांत कड्या घातल्या. १९७३ ते १९८६ या काळात अशी ९५४ पिले आणली. त्यांतली ९१४ वाढून समुद्रावर गेली.

आणि मग वाट पाहणे. १९७४ गेले, ७५ गेले, ७६ गेले. समुद्रावर गेलेल्यांतला एकही परतला नाही. शाळेतल्या प्रयोगाचे उत्तर तास संपायच्या आत मिळावे अशी आपल्याला सवय झालेली असते. इथे चार वर्षे उत्तरच नाही आणि दरम्यान नवी पिले आणून भरवणे चालूच. मग क्रेसच्या मनात आले, की पफिन हा घोळक्यात राहणारा पक्षी. ओसाड खडक पाहून तो उतरायला भीत असेल. त्याने लाकडाचे पफिन करवून, रंगवून खडकावर उभे केले. आरसेही ठेवले, म्हणजे एक पक्षी आला तर त्याला दोन दिसावेत. जून १९७७ मध्ये पायात कडी असलेला पहिला पफिन परत आला. तरी घरटे नाहीच. १९८१ सालच्या ४ जुलैला, म्हणजे तिकडच्या स्वातंत्र्यदिनी, एक पफिन चोचीत आडवे मासे धरून खडकाच्या फटीत शिरताना दिसला. चोचीत मासे धरून पक्षी जमिनीवर येतो याचा अर्थ एकच, आत पिलू आहे. जवळजवळ शंभर वर्षांनी.

यात एक भाग कडू आहे, तोही सांगतो. त्या खडकावर मोठे कुरव पक्षी फार माजले होते. मासेमारीची घाण आणि गावांच्या उघड्या कचराकुंड्या यांवर त्यांची संख्या वाढत गेली आणि ते इतर पक्ष्यांची अंडी-पिले खात. त्यांना तिथून हटवल्याशिवाय काही होण्यासारखे नव्हते. १९७४ साली सरकारी खात्याने विष घालून त्यांना मारले. एका पक्ष्यासाठी दुसऱ्याला मारावे का, असे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे. माझे मत विचाराल तर कुरवांची ती भरमसाट वाढ माणसाच्याच उकिरड्यावर झालेली होती. माणसाने केलेला बिघाड निस्तरायला माणसालाच हात घालावा लागला. त्यानंतर सुरय पक्ष्यांना त्यांच्याच आवाजाच्या ध्वनिफिती ऐकवून १९८० साली परत बोलावले. सुरय एकजुटीने कुरवांवर तुटून पडतात, त्यामुळे पफिनला आयतेच पहारेकरी मिळाले.

पहारा मात्र कायमचा सुटला नाही. दर उन्हाळ्यात काही तरुण मुलेमुली त्या सात एकरांच्या, झाड नसलेल्या खडकावर मुक्काम करतात. माणूस हलला की कुरव परत येतात. हे राहणारे दिवसातून तासन्‌तास लाकडी आडोशात बसून दुर्बिणीतून एकच गोष्ट लिहितात : कोणत्या बिळाला, किती वाजता, कोणता मासा आला. हे काम किती कंटाळवाणे असेल याची कल्पना करा! २०१९ साली एग रॉकवर पफिनच्या १८८ जोड्या मोजल्या गेल्या. बनावट पक्षी मांडून खऱ्यांना बोलावण्याची ही युक्ती जपानात तोरिशिमा बेटावरच्या अल्बट्रॉस पक्ष्यांसाठीही वापरली गेली आहे.

माशांच्या त्या कंटाळवाण्या यादीचे मोल २०१२ साली कळले. मेनचे आखात जगातल्या फार झपाट्याने तापणाऱ्या समुद्रांपैकी एक आहे. त्या वर्षी पाणी नेहमीपेक्षा फार कोमट राहिले. पफिनची पिले ज्यावर वाढतात ते लांबट, निमुळते मासे थंड पाण्याकडे सरकले आणि दक्षिणेकडचा बटरफिश नावाचा मासा आला. आईबापांनी तो मुबलक आणला. पण तो अंगाने रुंद, चपटा, थेट ताटलीसारखा; पिलाच्या घशातून उतरेना. शेजारी मासे पडलेले आणि पिले उपाशी मेलेली, असे दृश्य लोकांनी पाहिले. २०२१ सालचा उन्हाळाही असाच वाईट गेला. मध्ये चांगली वर्षेही आली, पिले धष्टपुष्ट झाली. पण शंभर वर्षांपूर्वी बंदूक आवरल्यावर पक्षी वाचत होता. समुद्राची ऊब आवरायला एका बेटाचे हात पुरे पडणार नाहीत, हे तिथल्या लोकांना पुरते ठाऊक आहे.

हॉग आयलंडवरचे शिबिर अजून भरते. मध्यंतरी पैशाची ओढाताण होऊन ते बंद पडायची पाळी आली होती. तेव्हा जुने शिबिरार्थी पुढे आले. आजही स्वयंसेवक दर हंगामात येऊन इमारती रंगवतात, स्वयंपाकघर सांभाळतात. आता शिबिरे नाना तऱ्हांची असतात : किशोरवयीन मुलामुलींचे वेगळे, आईबाप आणि मुले यांचे एकत्र, आणि शिक्षकांचा खास आठवडा अजून आहेच. एग रॉकवर त्यांना उतरू देत नाहीत. होडी जवळून वळसा घालते आणि सारे काठाला रेलून बघतात. उभे राहिलेल्यांत कोणी पफिन पहिल्यांदा बघणारा असतो आणि कोणी तिसाव्यांदा.

ऑगस्टात खडकावरची मंडळी सामान बांधून निघतात. पिले त्याच सुमारास एकेक करून रात्री समुद्रात उतरलेली असतात, कड्या पायांत घेऊन. त्यांतली जी जगतील ती दोन-तीन वर्षांनी परत येतील, आणि तेव्हा त्या कडीवरचा आकडा दुर्बिणीतून वाचायला आडोशात बहुधा कोणी नवे पोर बसलेले असेल.